उघडलं की शून्य

गेल्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या इमारतीने आपल्या पंपचालकाला कामावरून काढले. टँकरचे पाणी तो परस्पर विकतो, असा ठपका त्याच्यावर होता. पुरावा एकच होता. पंपाच्या खोलीत बसवलेली एक डबी पहिल्या मजल्यावरच्या एका घरातल्या संगणकाला पाण्याचे माप कळवत असे, आणि ते माप कमी येत होते. डबी ज्यांनी बनवली आणि संगणकाला जोडली, ते माझे घरमालक.

त्यांच्या घराला लागून त्यांचीच एक खोली होती, तिथे मी भाड्याने राहत होतो. ठाण्याला एका दैनिकाच्या डेस्कवर माझी पाळी दुपारनंतरची असे, त्यामुळे सकाळभर मी घरी असायचो. पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी मी पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या आहेत. ज्या ऐकीव आहेत, तिथे तसे म्हटले आहे.

घरमालक एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून निवृत्त झाले होते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर. त्यांच्या कारखान्यात एक नियम होता. प्लांटवरचा माणूस कंट्रोल रूमला फोनवरून जे सांगेल, ते ऐकणाऱ्याने शब्दाला शब्द परत म्हणायचे आणि मगच पुढचे काम करायचे. नोकरी संपल्यावर हा नियम त्यांनी घरी आणला.

मी खोली बघायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "मोरीतला नळ उलटा बसलाय. डावीकडे फिरवला की बंद होतो. काय ऐकलंत?"

मी हसलो. ते माझ्याकडे बघत उभे राहिले.

"नळ उलटा बसलाय," मी म्हणालो.

"अर्धंच ऐकलंत."

"डावीकडे फिरवला की बंद."

"बरोबर. आता चहा घ्या."

दूधवाला, गॅसवाला, बँकेतली मुलगी, कोणाचीही यातून सुटका नव्हती. दारावर येणारी भाजीवाली सरावली होती. ती म्हणे, "अर्धा किलो भेंडी, कोवळी, असं काका बोलले. आणि सुट्टे नाय असं मी बोलते. आता तुमी बोला." ते म्हणत, "सुट्टे नाहीत, असं तुम्ही म्हणालात." मग व्यवहार पुरा होई. ते सगळ्यांना अहो-जाहो करत. खिडकीवर चेंडू मारणाऱ्या पोरांनाही ते गॅलरीतून विचारत, "चेंडू आपणच मारलात ना?" पोरे पळून जात.

फक्त काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हा नियम कधी मानला नाही. "मी ऐकलं, एवढं पुरे," असे त्या म्हणत.

"पोच नको का?"

"इतकी वर्षं ताटात वरण वाढतेय, तीच पोच समजा."

निवृत्तीनंतर त्यांना मायक्रोकंट्रोलरचा नाद लागला. तळहाताएवढा निळा बोर्ड, त्यावर नखाएवढी चिप. ती चिप मोजते, दिवे लावते, आणि तारेवरून संगणकाला एकामागून एक अक्षरे पाठवते. संगणकाच्या पडद्यावर एक छोटी खिडकी उघडायची, त्यात ती अक्षरे ओळीने उमटत जातात. एवढेच ते यंत्र. पण घरमालकांना त्यात माणसांविषयी बरेच काही सापडले होते, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावे लागे.

"दोन यंत्रं जोडायची तर तीन तारा लागतात," ते सांगत. "याचं तोंड त्याच्या कानाला. त्याचं तोंड याच्या कानाला. तिसरी तार गप्प असते, ती दोघांना एका जमिनीवर ठेवते. बहुतेक घरांत लोक तोंडाला तोंड जोडतात."

"आणि कान लोंबते ठेवतात," काकू आतून म्हणत.

दुसरा धडा वेगाचा होता. दोन्ही बाजूंनी बोलण्याचा वेग आधी ठरवलेला हवा. ते मुद्दाम एका बाजूचा वेग बदलत, आणि पडद्यावर चौकटी, प्रश्नचिन्हे, तुटकी अक्षरे यायला लागत. पाहुण्याला ते दाखवून म्हणत, "बघा. बोर्ड खरं बोलतोय, संगणक खरं ऐकतोय. कचरा मध्ये झाला." विम्याचा एजंट भरभर बोलायला लागला की ते हात वर करत. "वेग कमी करा. कचरा येतोय." सोसायटीच्या सभेत अध्यक्षांनाही त्यांनी एकदा हेच सांगितले होते. अध्यक्षांनी ते लक्षात ठेवले असावे.

पंपचालकाचे नाव गौतम. दिवा स्टेशनजवळ राहायचा, इमारत उभी राहिल्यापासून इथे कामाला होता. बाकी सगळे त्याला "ए गौतम" म्हणत, घरमालक "गौतमराव". परत म्हणण्याच्या नियमाची मजा घेणारा तो एकटाच होता.

"मोटर सातला लावायची, गच्चीची टाकी भरली की बंद करायची, आणि खाली आल्यावर काकूंनी चहा द्यायचा, असं ऐकलं," तो म्हणे.

"शेवटचं मी म्हणालो नव्हतो."

"लाइनवर आलं, काका."

काकू चहा देत. दिव्याला त्याच्या खोलीत नळाला पाणी येईलच याचा भरवसा नसे. घरमालकांनीच त्याला सांगितले होते की घरी जाताना आमच्या नळाचा एक कॅन भरून नेत जा. तो कॅन स्कूटरवर पायांपाशी ठेवून तो संध्याकाळी निघे. इमारतीत सगळ्यांनी ते पाहिलेले होते.

डबीची गोष्ट त्याआधीच्या हिवाळ्यात सुरू झाली. पालिकेचे पाणी कमी झाले आणि टँकर यायला लागले. टँकर खरेच पुरा रिकामा होतो की अर्धा परत जातो, अशी कुजबुज इमारतीत होतीच. कमिटीने घरमालकांना विचारले. त्यांनी जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाशी एक पाइप बसवला, त्यात भंगारातून आणलेला मीटर घातला. पाणी गेले की आतले चाक फिरे, बोर्ड त्याचे फेरे मोजून लिटर काढी आणि तारेवरून वर संगणकाला कळवी. पाणी थांबून थोडा वेळ गेला की आकडा आपोआप शून्यावर येई आणि पुढच्या टँकरची मोजणी नव्याने सुरू होई.

पहिल्या दिवशी दहा हजार लिटरच्या टँकरला पडद्यावर दहा हजारांच्या अगदी जवळचा आकडा आला. सेक्रेटरींनी पडद्याचा फोटो काढून इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. घरमालक ग्रुपवर नव्हते. पोच न घेता पाठवलेला निरोप म्हणजे गच्चीवरून मारलेली हाक, असे त्यांचे मत होते. काकू मात्र ग्रुपवर होत्या.

तीन महिने आकडे बरोबर आले.

मार्चअखेर त्यांचा जुना संगणक बंद पडला. कल्याणला राहणाऱ्या मुलीने आपला वापरलेला लॅपटॉप आणून दिला. जुना संगणक दिवसभर चालू असे आणि त्यावरची खिडकीही दिवसभर उघडी असे. लॅपटॉप तापायचा, पंखा घरघरायचा. काकू म्हणाल्या, "काम नसेल तेव्हा बंद ठेवा तो." तेव्हापासून टँकरचा हॉर्न ऐकू आला की घरमालक लॅपटॉप लावत, खिडकी उघडून आकडा बघत, बंद करत, थोड्या वेळाने परत उघडत आणि गाडी जाईपर्यंतचा आकडा बघत.

एप्रिलमध्ये आकडे कमी यायला लागले. आधी सात हजार, मग पाच. घरमालकांनी मीटर उघडून साफ केला. चाक ठीक होते. तारा तपासल्या, त्या ठीक होत्या. मग ते टँकर उभा असेपर्यंत पुन्हा पुन्हा खिडकी उघडून बघायला लागले. आकडा आणखी खाली गेला. एका टँकरला तो दोन हजारांच्या आत आला. त्यांनी ही गोष्ट कमिटीला कळवली. न कळवणे त्यांना शक्य नव्हते.

सभा पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून झाली. गौतमला पंपाच्या खोलीच्या दारात उभे केले होते. घरमालकांनी आकडे वाचले. आवाज चढवला नाही, एकही वाईट शब्द वापरला नाही.

गौतम म्हणाला, "काका, नळी लावल्यापासून सोडेपर्यंत मी तिथंच उभा असतो. टँकर पूर्ण खाली होतो. मी स्वतः वर चढून झाकण उघडून बघतो."

घरमालक म्हणाले, "नळी लावल्यापासून सोडेपर्यंत तुम्ही तिथे उभे असता. टँकर पूर्ण रिकामा होतो. तुम्ही स्वतः वर चढून झाकण उघडून बघता. असं तुम्ही म्हणालात."

"हो, काका."

"ऐकलं."

"मग?"

"आकडा तसं म्हणत नाही."

सेक्रेटरींनी विचारले, "आणि रोज कॅन कोण नेतं रे?"

"कॅन मी दिलेला आहे," घरमालक म्हणाले. "त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

या वाक्याचा परिणाम उलटा झाला. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "बघा, जिथे घ्यायची तिथे काका त्याची बाजू घेतायत. म्हणजे बाकीचं खरंच असणार." दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमने किल्ल्या वॉचमनकडे दिल्या. घरमालकांच्या दारावर तो आला नाही. पडद्याचा एक फोटो, खाली गौतमचे नाव, असा मजकूर रस्त्यावरच्या इतर इमारतींच्या ग्रुपवर गेला. तो कोणी पाठवला हे मला खात्रीने सांगता येत नाही.

नवा पंपचालक सेक्रेटरींच्या ओळखीचा होता. त्याचा पहिला टँकर आला तेव्हा पडद्यावर तीन हजार दिसले. दुसऱ्यालाही तेच. हे आकडे घरमालकांखेरीज कोणी बघत नव्हते. आठवडाभराने सकाळी त्यांनी माझे दार वाजवले.

"तुम्हाला थोडा वेळ आहे का? मी खाली डबीपाशी उभा राहतो. तुम्ही लॅपटॉपसमोर बसा. मी फोनवर सांगेन तेव्हा खिडकी उघडायची, सांगेन तेव्हा बंद करायची. काय ऐकलंत?"

मी परत म्हटले. ते खाली गेले. टँकर उभा होता, पाणी सुरू होऊन बराच वेळ झाला होता. फोनवर त्याचा आवाज येत होता.

"उघडा."

"उघडली."

"काय दिसतंय?"

"शून्य. आता चौदा. आता सत्तावीस."

"अर्धा टँकर झाला असेल इथे."

"इथे एक्केचाळीस आहे."

"बंद करा. आता उघडा."

"शून्य."

"शून्य, असं तुम्ही म्हणालात."

"हो. शून्य."

"परत एकदा."

"शून्य."

मग ते म्हणाले, "तुम्ही उघडलंत की इथला दिवा लुकलुकतो." मी हॅलो म्हटले. फोन चालूच होता.

झाले होते ते असे. या जातीच्या बोर्डाला संगणकाने नव्याने साद घातली, म्हणजे ती खिडकी नव्याने उघडली, की बोर्ड आधी स्वतःला बंद करून पहिल्यापासून सुरू करतो. नवे काम चढवणे सोपे जावे म्हणून बनवणाऱ्यांनीच ती सोय ठेवलेली आहे. तोपर्यंत मोजलेले सगळे पुसले जाते. जुन्या संगणकावर खिडकी सतत उघडी असे, त्यामुळे मोजणी अखंड चाले. लॅपटॉपवर ती दर वेळी नव्याने उघडली जात होती. उघडताना दिसणारे शून्य ते खिडकी सुरू होतानाचे समजून सोडून देत आणि शेवटचाच आकडा धरत. शेवटी दिसणारा आकडा हा पूर्ण टँकरचा नव्हता, त्यांनी शेवटचे उघडल्यानंतर पडलेल्या पाण्याचा होता. संशय वाढला तसे ते जास्त वेळा बघत गेले, आणि जास्त वेळा बघितले तसे पाणी कमी दिसत गेले.

ते वर आले आणि लॅपटॉपसमोर बसून राहिले. काकू पोळ्या करत होत्या.

"काय निघालं?"

"मी बघत होतो, म्हणून कमी दिसत होतं."

काकूंनी गॅस बंद केला. "म्हणजे गौतमने..."

"गौतमरावांनी काही केलेलं नाही."

"मग मला काय सांगताय? त्याला सांगा."

मी विचारले की ही सोय माहितीपत्रकात लिहिलेली नव्हती का. "होती," ते म्हणाले. "वाचली होती. परत म्हटली नव्हती."

आधी ते सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींचे तळमजल्यावर इस्टेट एजन्सीचे ऑफिस आहे. मी दारात होतो.

"काका, बसा ना. थंड घेणार?"

घरमालकांनी सगळे सांगितले. सेक्रेटरींनी मान हलवत ऐकले.

"पण काका, तुम्हीच बोललेले ना, यंत्र खोटं बोलत नाही."

"यंत्र खोटं बोललं नाही. मी त्याला मध्येच तोडत होतो."

"तेच ते. आता लोकांना काय सांगू मी? काकांनी लॅपटॉप उघडला म्हणून पाणी गायब? हसतील, काका."

"हसू देत."

"तुम्हाला नाही हसणार. कमिटीला हसतील. आणि नवीन माणूस लागलाय, त्याला काय सांगू? जा म्हणून? त्याचं पण पोट आहे."

"गौतमरावांचंही आहे."

"तुम्ही देवमाणूस आहात. म्हणून सांगतो, सोडा आता."

त्यांनी सोडले नाही. सूचनाफलकावर स्वतःच्या अक्षरात कागद लावला: गौतम यांनी पाणी विकलेले नाही, आकडा माझ्या चुकीने कमी आला, खाली सही. दुपारी मी कामावर निघालो तेव्हा कागद नव्हता. त्यांनी दुसरा लावला, तोही गेला. तिसरा, चौथा. पुढच्या आठवड्यात फलकाला काच आणि कुलूप बसले. किल्ली कमिटीकडे होती.

त्या रविवारी ते गौतमकडे गेले आणि मला बरोबर येण्यास सांगितले. दिव्याला त्याची खोली पहिल्या मजल्यावर होती. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर कोणाचा ना कोणाचा ड्रम ठेवलेला होता. गौतमने दार उघडले, या म्हणाला. बायकोला म्हणाला, "काका आलेत." तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि भिंतीशी उभी राहिली.

"तुम्ही पाणी विकलं नाहीत," घरमालक म्हणाले.

"ते मला माहितीय, काका."

घरमालकांनी डबी, लॅपटॉप, खिडकी, शून्य, सगळे क्रमाने सांगितले. काही गाळले नाही, स्वतःला कुठे सोडवले नाही. गौतम ऐकत होता.

"आता विचारू नका काय ऐकलं म्हणून," तो म्हणाला.

"विचारणार नव्हतो."

"त्या दिवशी मी जे बोललेलो, ते तुम्ही सगळं बरोबर परत म्हटलेलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला वाटलेलं, चला, काकांनी तरी ऐकलं."

त्याची बायको म्हणाली, "चार बिल्डिंगांत जाऊन आले हे. सगळीकडे आधी म्हणतात या, मग फोन करतो म्हणतात. सेक्रेटरी लोक एकमेकांच्या ग्रुपवर आहेत सगळे. तिथं सगळ्यांसमोर बोललात, आणि इथं आमच्या खोलीत येऊन सांगताय. इथं आम्हाला कोणी चोर बोलत नाय."

"मी कुठे सांगू, ते सांगा. तिथे सांगतो."

"ग्रुपवर सांगा," गौतम म्हणाला. "तुमच्या तोंडाने. व्हिडिओ करून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या फोनवर व्हिडिओ काढला. मी सुचवले की दोन वाक्यांत आटपू या, गौतम निर्दोष आहे आणि चूक माझी. त्यांना ते पटले नाही. "कारण न सांगता निर्दोष म्हटलं तर लोक म्हणतील म्हाताऱ्याला दया आली." त्यांनी बोर्ड हातात धरून पहिल्यापासून समजावले. तारा दाखवल्या, वेग सांगितला, खिडकी उघडून शून्य दाखवले. गौतमचे नाव व्हिडिओच्या शेवटाकडे आले. काकूंनी तो ग्रुपवर टाकला.

खाली काही जणांनी हात जोडल्याचे चिन्ह टाकले. एकाने अंगठा दाखवला. एकाने लिहिले, छान माहिती, काका. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी काकूंना वेगळा निरोप पाठवून विचारले की काकांची तब्येत बरी आहे ना. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ ग्रुपवरून काढण्यात आला. इतर इमारतींच्या ग्रुपवर तो गेल्याचे मला आढळले नाही.

दरम्यान घरमालकांनी बोर्ड दुरुस्त केला. वाटाण्याएवढा एक कपॅसिटर, म्हणजे वीज धरून ठेवणारा तुकडा, बोर्डाच्या दोन टोकांच्या मध्ये जोडला की खिडकी उघडली तरी बोर्ड नव्याने सुरू होत नाही. हे काम चहा निवेपर्यंत झाले. पुढच्या टँकरला पडद्यावर दहा हजार आले. त्याच्या पुढच्यालाही. नव्या पंपचालकाच्या नावावर आता सगळे आकडे पूर्ण येत होते. सेक्रेटरी ते दर आठवड्याला मागून घेत.

काय होऊ घातले आहे, हे आधी काकूंच्या लक्षात आले.

"तो तुकडा काढा," त्या म्हणाल्या. "येऊ दे परत कमी. कमिटीला दाखवा, बघा, माणूस बदलला तरी कमीच येतंय."

"मग हाही माणूस जाईल."

"जाऊ दे की. तो सेक्रेटरीचा आहे."

"चुकीचा आकडा मी जाणूनबुजून देणार नाही."

"आधी नकळत दिलात, तेव्हा एक घर बसलं. आता जाणूनबुजून खरा देताय, तर ते उठतंय का?"

कपॅसिटर तसाच राहिला. त्या दिवशी जेवणाच्या वेळी फक्त भांड्यांचा आवाज आला. भिंत पातळ होती, एरवी मला त्यांचे बोलणे ऐकू येत असे.

वार्षिक सर्वसाधारण सभा पावसाळ्याच्या शेवटी झाली. मी मागे उभा होतो. भाडेकरूला मत नसते. काकूंनाही नव्हते, घर एकट्या घरमालकांच्या नावावर होते. सेक्रेटरींनी अहवाल वाचला. त्यात एक वाक्य होते: "पंपचालक बदलल्यापासून टँकरच्या पाण्याच्या मापात समाधानकारक सुधारणा झाली असून, यासाठी यंत्रणा उभारून देणाऱ्या आपल्या ज्येष्ठ सभासदांचे संस्था आभार मानते." अध्यक्षांनी शाल उलगडली आणि नारळ पुढे केला. टाळ्या झाल्या.

घरमालक उठले. शाल घ्यायला उठले असे समजून अध्यक्ष दोन पावले पुढे आले.

"ते वाक्य काढा," घरमालक म्हणाले.

"कोणतं, काका?"

"सुधारणा झाल्याचं. माप माणूस बदलल्यामुळे सुधारलं नाही. मी बोर्ड दुरुस्त केल्यामुळे सुधारलं. आधीच्या माणसाच्या वेळीही पाणी पूर्णच येत होतं."

"काका, यंत्र तुमचं, आकडा तुमचा," अध्यक्ष म्हणाले. "आता आभारही नकोत?"

लोक हसले. अध्यक्ष हात वर करून म्हणाले, "जरा वेग कमी करा, काका. कचरा येतोय." या वेळी जास्त हसले.

घरमालक थांबले. हसणे संपल्यावर म्हणाले, "मी काय म्हणालो, ते कोणीतरी एकाने परत म्हणा."

सेक्रेटरी म्हणाले, "काकांना ते वाक्य नकोय."

"का नकोय?"

मागून एकाने विचारले की पाहुण्यांच्या गाड्यांच्या पार्किंगचा विषय आज घेणार आहेत की नाही. अध्यक्ष म्हणाले, घेऊ, आधी हे मिटवू. वाक्य काढावे असे कोणाकोणाला वाटते, त्यांनी हात वर करावेत. घरमालकांनी हात वर केला. तो बराच वेळ वर होता. दुसरा हात वर आला नाही.

शाल त्यांनी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नारळासह प्लास्टिकच्या पिशवीत त्यांच्या दाराच्या कडीला अडकवलेली होती.

मी जानेवारीत खोली सोडली. तोपर्यंत टँकर येत होते आणि पडद्यावर आकडे पूर्ण उमटत होते. गौतमला विठ्ठलवाडीजवळ एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम मिळाले आहे, हे त्याने मला फोनवर सांगितले. घरमालकांनी आणखी दोनदा दिव्याला जाऊन दार वाजवले, हेही त्यानेच सांगितले. दार उघडले का, हे मी विचारले नाही.

सभेचे इतिवृत्त काचेमागे लावलेले आहे. त्यात वार्षिक अहवाल कोणत्याही बदलाविना एकमताने मंजूर झाल्याची नोंद आहे.